कम्पायलरच्या कचेरीत

मुंबईच्या उपनगरांत जन्म काढलेल्या मनुष्यास स्वतःच्या इच्छेने काही ठरविण्याचे प्रसंग फार थोडे येतात, ही गोष्ट ध्यानात येण्यास सूक्ष्म निरीक्षणशक्तीची गरज नाही. नळास पाणी कोणत्या घटकेस यावे हे महापालिका ठरविते. जलद गाडीने विक्रोळीस थांबावे की न थांबावे हे रेल्वे ठरविते. आपण मुलुंडास उतरावे की तसेच ठाण्यापर्यंत जावे हे दारातली मंडळी ठरवितात. आणि जुनी इमारत पाडून नवी उभी करावयाची झाली, म्हणजे आपल्या खिडकीच्या वाट्यास राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर यावा की शेजारच्या मनोऱ्याचे वाहनतळ यावे, हे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत अशा बहुमताने ठरते की त्यात आपलाही एक हात वर होता एवढेच काय ते समाधान पदरी उरते. अशा या पर्यायशून्य आयुष्यक्रमात एखाद्या दारी कोणी अदबीने "आपली मर्जी काय?" असे विचारले, आणि तेही शेकडो बाबींवर पृथक् पृथक् विचारले, तर त्या उपनगरवासीयाच्या मनाची जी अवस्था होईल तिचे वर्णन करण्यास आमचे अलंकारशास्त्र अपुरे पडेल. असे दार आहे. सॉफ्टवेअर तयार न घेता त्याच्या सोर्सपासून घरच्या घरी बांधावयाचे, आणि ते बांधताना कम्पायलरला कोणते फ्लॅग द्यावेत याचा खल करीत रात्र काढावयाची, या उद्योगाचे ते दार होय; आणि बोरिवलीपासून मुलुंडापर्यंत, तिन्हीसांजेनंतर दिवा जळत असलेल्या कित्येक खोल्यांत ते उघडे असते.

ज्या वाचकांचा या उद्योगाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे प्राप्त आहे, आणि माझी सारी नोकरी एका सरकारी कचेरीत आवक-जावक पाहण्यात गेली असल्यामुळे तो खुलासा मला त्याच भाषेत करता येतो. प्रोग्राम लिहिणारा जे लिहितो तो मसुदा, म्हणजेच सोर्स, होय. तो मनुष्यास वाचता येतो, निदान लिहिणाऱ्यास लिहिल्यापासून पंधरा दिवसांपर्यंत तरी येतो; परंतु प्रोसेसर नावाचा जो साहेब आत बसलेला असतो त्यास त्यातले अक्षर कळत नाही. मसुदा वाचून, तपासून, त्यातला व्यर्थ मजकूर छाटून, साहेबाच्या भाषेत हुकूम तयार करणारा जो अव्वल कारकून, तोच कम्पायलर. बहुसंख्य रयत हे हुकूम कोणा दूरच्या कचेरीतून तयार, मोहोरबंद अवस्थेत मागवून घेते आणि सुखाने नांदते. अल्पसंख्य मंडळी मात्र मूळ मसुदाच मागवितात आणि कारकुनास आपल्या समोर बसवून, त्याच्या कानाशी लागून, हे असे कर आणि ते तसे करू नकोस अशा ताकिदी देतात. या ताकिदी म्हणजेच फ्लॅग. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली लोकांच्या हाती दिलेला जीसीसी नावाचा जो कम्पायलर आहे, त्यास अशा शेकडो ताकिदी समजतात. आणि ज्या मनुष्याच्या एकाही सूचनेची दखल गेल्या वार्षिक सभेच्या इतिवृत्तात घेतली गेली नाही, त्यास शेकडो ताकिदी ऐकून घेणारा कोणी भेटावा, हा योगायोग सामान्य नव्हे.

हा व्यवहार उपनगरांस परका आहे असेही नाही. १९५८ साली स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था पवई तलावाच्या काठी वसली. १९७३ साली अंधेरीत सीप्झ नावाचे निर्यातक्षेत्र उघडले आणि तेथून मालाच्या पेट्यांबरोबर प्रोग्रामही परदेशी जाऊ लागले. १९८५ साली जुहूस नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था आली. पुढे नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात एका संगणकविषयक मासिकासोबत लिनक्स या संगणकप्रणालीची तबकडी घरोघर पोहोचली, आणि ज्या घरांत तोवर संगणक म्हणजे पत्ते खेळण्याचे एक महागडे साधन होते, त्या घरांत "काय करतोस?" या प्रश्नास "कम्पाइल करतोय" असे, वडीलधाऱ्यांना पुढे काहीही विचारता येऊ नये असे, उत्तर मिळू लागले. आज घाटकोपरास मेट्रोत बसलेला तरुण मांडीवरच्या यंत्रास काही आज्ञा देऊन डोळे मिटतो, आणि ११.४ किलोमीटरांवर वर्सोवा येते तेव्हा अक्षरे अजून पडद्यावरून वरवर सरकतच असतात, हे दृश्य कोणासही नवल वाटण्याजोगे राहिलेले नाही.

या कचेरीची पहिली खिडकी 'कॉन्फिगर' या नावाची. डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ साली सुरू केलेल्या ऑटोकॉन्फ या व्यवस्थेतून ही खिडकी तयार होते, आणि तिचा खाक्या असा की कामास हात घालण्यापूर्वी ती अर्जदाराची संपूर्ण चौकशी करते. कम्पायलर आहे काय? आहे. तो चालतो काय? चालतो. तो चालतो म्हणजे त्याने केलेला प्रोग्रामही चालतो काय? चालतो. त्यानंतर ती ज्या फायलींचे अस्तित्व एकेक करून पडताळू लागते, त्यांतील कित्येक तर १९८९ साली सी भाषेचे मानक मंजूर झाले तेव्हापासून प्रत्येक यंत्रावर असावयाच्याच अशा आहेत. परंतु आहेत म्हणून मानून चालणे हा या खिडकीचा शिरस्ता नव्हे. ज्यांना दर नोव्हेंबरात स्वतः जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो, अशा आम्हा निवृत्तिवेतनधारकांस या पद्धतीत नवे काही वाटत नाही. त्या चौकशीत एक प्रश्न मात्र असा येतो की तो वाचून मी पहिल्याने चष्मा पुसला होता: बांधकामाचा परिसर शहाणा आहे काय? ज्या क्षणी हा प्रश्न पडद्यावर उमटला त्या क्षणी शेजारच्या भूखंडावर पाया ठोकण्याचे यंत्र चालू होते, खाली दोन सभासद एका वाहनाच्या जागेवरून परस्परांच्या पूर्वजांचा उल्लेख करीत होते, आणि पाण्याचा पंप बंद करावयाचा कोणी या मुद्द्यावर रखवालदार आणि चिटणीस यांच्यात तात्त्विक मतभेद झालेला होता. खिडकीने क्षणमात्र विचार केला आणि शेरा मारला: होय. पुढे चौकशीअंती असे कळले की ती केवळ एक कोरी फाईल निर्माण करून तिचा काळ मूळ मसुद्याच्या नंतरचा पडतो की नाही, म्हणजे घड्याळ उलटे चालत नाही ना, एवढेच पाहते. परिसराच्या शहाणपणाची याहून कडक कसोटी लावली असती तर मुंबईत आजवर एकही प्रोग्राम बांधून झाला नसता.

दुसरी खिडकी 'मेक' हिची. ही अधिक जुनी. बेल लॅबोरेटरीज या संस्थेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली ती उघडली. कोणती फाईल कोणत्या फायलीवर अवलंबून आहे याची एक जंत्री तिच्यापुढे ठेवावी लागते, आणि त्या जंत्रीत प्रत्येक आज्ञेच्या आरंभी टॅबचेच अंतर असले पाहिजे. तेवढीच मोकळी जागा साध्या स्पेसांनी सोडली तर डोळ्यांस तिळमात्र फरक दिसत नाही, पण अर्ज फेटाळला जातो. हा नियम गैरसोयीचा आहे हे त्याच्या कर्त्यासही लवकरच उमगले होते. परंतु तोवर सुमारे डझनभर मंडळी, बहुतेक स्नेहीच, ती जंत्री वापरू लागलेली होती आणि त्यांची गैरसोय करणे त्यास प्रशस्त वाटले नाही. डझनभर स्नेह्यांच्या सोयीसाठी राखलेला तो नियम त्यानंतरच्या साऱ्या पिढ्या पाळीत आल्या आहेत. सरकारी नियमांचा उगम कसा होतो यावर मी नोकरीत असताना पुष्कळ चिंतन केले होते. इतके सुबक उदाहरण मात्र मला खात्याच्या कोणत्याही परिपत्रकात सापडले नव्हते.

या दोन खिडक्या ओलांडल्या की खरा दरबार लागतो, आणि त्या दरबारात प्रथम प्रश्न येतो तो 'ओ' चा. ओ-झीरो म्हणजे मसुद्यास हात न लावता जसाच्या तसा उतरवावा. ओ-वन म्हणजे थोडी काटछाट करावी. ओ-टू म्हणजे बरीच करावी. ओ-थ्री म्हणजे अशी करावी की मूळ लेखकास आपला मजकूर ओळखू येऊ नये. एकाच अर्जात दोन निरनिराळे ओ दिले तर शेवटचा हुकूम प्रमाण मानला जातो, ज्यात कचेरीत काम केलेल्या कोणासही आश्चर्य वाटणार नाही. कोणी उत्साही गृहस्थाने ओ-नाइन अशी मागणी केली तर कारकून ती नाकारीत नाही. अर्जदाराचा उपमर्द होणार नाही अशा बेताने ती स्वीकारतो आणि मुकाट्याने ओ-थ्रीचेच काम करून देतो. आमचा एक पुतण्या या विषयात आकंठ बुडालेला आहे. चित्रफिती पाहण्याचा एक प्रोग्राम तो बांधीत असता आमच्यात जे संभाषण झाले ते या शास्त्राचे सार म्हणून येथे उतरवून ठेवतो.

"काका, ओ-टू ठेवू की ओ-थ्री?"

"फरक काय पडेल?"

"ओ-थ्रीने फास्ट होईल."

"किती?"

"ते बांधून झाल्यावर कळेल."

"आणि बांधावयास वेळ?"

"तो ओ-थ्रीने जास्त लागेल."

"चित्रफीत केवढी आहे?"

"दोन तासांची."

"ओ-थ्रीने ती किती वेळात पाहून होईल?"

यावर त्याने माझ्याकडे जी दृष्टी टाकली तीत अनुकंपा होती, परंतु उत्तर नव्हते.

जेंटू नावाच्या लिनक्सचे उपासक या बाबतीत कळसास पोहोचलेले आहेत. पेंग्विनांतील सर्वांत वेगाने पोहणाऱ्या जातीचे नाव धारण करणाऱ्या या व्यवस्थेत बहुतेक सारे सॉफ्टवेअर सोर्सपासून स्वतः बांधून घ्यावयाचे असते, आणि एखाद्या ब्राउझरचे बांधकाम साध्या यंत्रावर तासन् तास चालते. तिच्या मार्गदर्शक पानांवरच ओ-टू पुरेसा आहे, साऱ्या व्यवस्थेस ओ-थ्री लावू नये, असा सल्ला दिलेला आहे. आणि सर्व सुज्ञ सल्ल्यांप्रमाणे तोही आदराने वाचून बाजूस ठेवला जातो. या मंडळींच्या फ्लॅगांच्या ओळी पाहाव्यात तर त्यांत निम्मी मिळकत वडिलोपार्जित असते. फ्रेम पॉइंटर वगळण्याचा एक जुना फ्लॅग आहे. ओ दिला की आजचे कम्पायलर आपण होऊन ते काम करतात, तरी ती ताकीद थोरल्या मित्राच्या फायलीतून धाकट्याच्या फायलीत उतरतच असते. 'पाइप' नावाचा दुसरा एक फ्लॅग केवळ बांधकामाच्या वेळी तात्पुरत्या फायली टाळतो आणि तयार प्रोग्रामच्या गतीस केसभरही हात लावीत नाही. तथापि तो काढून पाहावा असे कोणी सुचविले तर मंडळी अशा मुद्रेने पाहतात की जणू देवघरातला एखादा टाक, कोणत्या देवाचा हे आठवत नाही म्हणून, मोडीत घालावयास सांगितला आहे.

ओ-टू या दोन अक्षरांच्या पोटात काय काय भरलेले आहे याचा शोध घेतला असता मात्र हास्यास थोडी विश्रांती द्यावी लागते, कारण तो शोध आपणास फार दूर नेत नाही. मुलुंडाहून निघालो तर पवईपर्यंतच नेतो. ओ-टू दिला की अनेक सुधारणांबरोबर एक अशी सुधारणा चालू होते की जिला अंशतः व्यर्थ असलेली पुनरुक्ती काढून टाकणे असे म्हणता येईल. कचेरीच्या भाषेत सांगावयाचे तर, तलाठ्यामार्फत आलेल्या अर्जदाराने उतारा आधीच जोडलेला असतो आणि थेट आलेल्याने जोडलेला नसतो. खिडकीवरचा कारकून मात्र दोघांकडूनही तो नव्याने मागतो, आणि त्यामुळे पहिल्याचे श्रम फुकट जातात. उपाय असा की थेट येणाऱ्याच्या वाटेवरच उतारा देण्याची सोय करावी आणि खिडकीवरची मागणी रद्द करावी. प्रोग्राममधील आकडेमोडीस हा उपाय कसा लावावा हे १९७९ साली दोन फ्रेंच संशोधकांनी दाखविले, आणि तो व्यवहारात सुटसुटीत व जलद कसा करावा यावर ज्यांनी जगन्मान्य काम केले त्यांत भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. धनंजय ढमढेरे यांची गणना होते; सिस्टिम्स प्रोग्रामिंगवरील त्यांचे पाठ्यपुस्तक परीक्षेच्या आदल्या रात्री उशाशी घेऊन निजलेले अभियंते उपनगरांतल्या गल्लोगल्ली आढळतील. प्रोग्राममधील माहितीचा ओघ तपासण्याच्या या शास्त्रावर ढमढेरे आणि उदय खेडकर यांचा १९९४ सालचा निबंध प्रसिद्ध आहे; पुढे खेडकर, अमिताभ सान्याल आणि बागेश्री करकरे यांचा ग्रंथ २००९ साली आला; आणि खेडकरांच्या पुढाकाराने पवईसच जीसीसी रिसोर्स सेंटर स्थापन होऊन, लक्षावधी ओळींचा तो कम्पायलर आतून कसा चालतो हे कार्यशाळा भरवून शिकविले गेले. म्हणजे अनावश्यक पुनरुक्ती कशी टाळावी याचे जगातील उत्तम ज्ञान ज्या नगरात आहे, त्याच नगरातील कचेऱ्यांत एकाच कागदाच्या तीन साक्षांकित प्रती मागितल्या जातात. विद्या आणि व्यवहार यांच्यातील अंतर मोजावयाचे झाल्यास पवईपासून कोणत्याही विभाग कार्यालयापर्यंतचे अंतर मोजले म्हणजे पुरे.

तथापि काटछाटीचा मोह अनावर झाला म्हणजे काय होते याचाही दाखला याच दरबारात मिळतो. 'फास्ट-मॅथ' नावाचा एक फ्लॅग आहे. त्याचे तात्पर्य असे की हिशेब लवकर हवा आहे, शेवटच्या पैशाविषयी आग्रह नाही. कॅनडात जन्मलेल्या विल्यम कहान या गणितज्ञांनी बेरजेची एक रीत बसविली आहे. अपूर्णांकांच्या दीर्घ बेरजेत प्रत्येक पायरीस जी बारीकशी तूट येते ती निराळी टिपून ठेवून पुढच्या पायरीस भरून काढावयाची, अशी ती रीत. फास्ट-मॅथची ताकीद मिळालेला कारकून ती तूट टिपणारी ओळ वाचतो, शाळेतल्या बीजगणिताप्रमाणे तिचे उत्तर शून्य येते असे त्यास दिसते, आणि जिचे उत्तर सदैव शून्य तिचा उपयोग काय, असा निष्कर्ष काढून तो ती समूळ काढून टाकतो. तूट शोधण्यासाठी नेमलेल्या मनुष्याचेच पद, कागदावर त्याने काही मिळविलेले दिसत नाही म्हणून रद्द करावे, ही काटकसर मी प्रत्यक्ष पाहिलेली आहे. तिच्यानंतर हिशेब खरोखरच फार लवकर होऊ लागतात.

यापुढचा फ्लॅग 'मार्च=नेटिव्ह' हा. बांधकाम ज्या यंत्रावर चालले आहे त्याच यंत्राचा प्रोसेसर ओळखून, त्यास जेवढ्या खास आज्ञा समजतात तेवढ्या सर्व खुशाल वापराव्यात, असा त्याचा आशय. आमच्या पुतण्याने आपल्या नव्या यंत्रावर या ताकिदीने बांधलेला प्रोग्राम मोठ्या अभिमानाने आपल्या मामेभावास नेऊन दिला. मामेभाऊ बोरिवलीस राहतो. मुलुंडाहून बोरिवलीस केवळ लोकलने जाण्यासाठी मनुष्यास दादरपर्यंत खाली जाऊन, मध्य रेल्वे सोडून, पूल चढून, पश्चिम रेल्वेने पुन्हा तितकेच वर यावे लागते, हे सर्वांस ठाऊक आहे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता पुरा झाल्यावर या यातनेचे स्वरूप पालटेल अशी आशा आहे. एवढा प्रवास करून पोहोचलेला तो प्रोग्राम मामेभावाच्या जुन्या यंत्रावर सुरू करताच, 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' एवढे दोनच शब्द उच्चारून गतप्राण झाला. जुन्या प्रोसेसरास त्या नव्या आज्ञा समजेनात, आणि न समजणारी आज्ञा बेकायदेशीर ठरविण्याचा अधिकार प्रत्येक साहेबास असतोच. मध्य रेल्वेवर मुरलेला मनुष्य पश्चिम रेल्वेवर गोंधळतो हे मला माहीत होते. ही व्यथा यंत्रसंहितेपर्यंत पोहोचली असेल याची मात्र कल्पना नव्हती.

आता इशाऱ्यांविषयी. मसुद्यात गुन्हा नसला तरी संशयास्पद काही दिसल्यास कारकुनाने शेरा मारावा अशी सोय आहे, आणि सर्व शेरे मारावेत अशी ताकीद देण्यासाठी 'डब्ल्यू-ऑल' हा फ्लॅग आहे. तो दिल्यावर सर्व शेरे येत नाहीत. उरलेल्यांसाठी 'डब्ल्यू-एक्स्ट्रा' द्यावा लागतो, आणि तो दिल्यावरही पुष्कळ शेरे फडताळात राहतात, ज्यांना नावानिशी बोलाविल्याशिवाय ते बाहेर येत नाहीत. याच्या पलीकडे 'डब्ल्यू-एरर' आहे. तो दिला की प्रत्येक शेऱ्याचे रूपांतर थेट गुन्ह्यात होते आणि काम तहकूब होते. तरुण प्रोग्रामर हा फ्लॅग नव्या वर्षाच्या संकल्पाच्या भावनेने लावतात आणि बहुधा त्याच भावनेने पुढे काढतात. पण या खात्यातील जी तरतूद वाचून मी मनोमन हात जोडले ती निराळीच आहे. अमुक प्रकारचा इशारा देऊ नकोस अशी ताकीद देता येते. त्या नावाचा इशारा कारकुनास मुळी ठाऊकच नसला तरी तो त्या वेळी अवाक्षर काढीत नाही. मात्र पुढे त्याच कामात दुसऱ्या एखाद्या कारणाने तक्रार लिहिण्याची पाळी आली, की त्याच कागदावर तो शांतपणे नमूद करतो की, सबब, आपण मघाशी दिलेली ताकीदही आम्हास अपरिचित आहे. वरिष्ठाची चूक ध्यानात ठेवावी, पण योग्य निमित्त मिळेपर्यंत तिचा उच्चार करू नये, हे तत्त्व आत्मसात करावयास मला नोकरीची अर्धी वर्षे खर्ची घालावी लागली होती.

जीसीसी स्वतःच बांधावयाचा झाल्यास तर औचित्याची परिसीमा होते. जुन्या कम्पायलरकडून नवा बांधून घ्यावयाचा. त्या नव्याकडून पुन्हा स्वतःलाच बांधून घ्यावयाचे. त्या दुसऱ्याकडून तिसऱ्यांदा तेच करावयाचे. आणि मग दुसरी व तिसरी प्रत अक्षरशः एकरूप आहेत की नाहीत हे ताडून पाहावयाचे, अशी त्याची रूढ पद्धत आहे. स्वतःचा गोपनीय अहवाल स्वतः लिहिण्याची मुभा मिळालेला अधिकारी मी पाहिला आहे. पण तो तीनदा लिहून, शेवटच्या दोन प्रतींत तफावत आढळल्यास स्वतःलाच नालायक ठरविणारा अधिकारी मला या एका खात्यातच भेटला.

इतक्या साऱ्या खटाटोपाचे फळ काय, हा प्रश्न कोणी विचारील, आणि तो विद्वानांनीही विचारलेला आहे. टॉड प्रोबस्टिंग या संशोधकाने अर्धवट विनोदाने असा सिद्धांत मांडला की यंत्रांची शक्ती दीड-दोन वर्षांत दुप्पट होत असताना, कम्पायलर-संशोधनाच्या साऱ्या पुण्याईने ती दुप्पट होण्यास अठरा वर्षे लागतात. म्हणजे वर्षास सुमारे ४ टक्के. हा आकडा वाचून मला त्या संशोधकांविषयी एकदम आपुलकी वाटू लागली. वर्षास ४ टक्के वाढीवर संसार केलेल्या वर्गाचा मी प्रतिनिधी आहे. २००९ साली टॉड मिट्कोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून चमत्कारिक गोष्ट उघडकीस आणली. प्रोग्राम सुरू होताना त्याच्याबरोबर वापरणाऱ्याचे नाव, घरचा पत्ता इत्यादी जे फुटकळ टिपण स्मृतीत ठेवले जाते, त्याची लांबी बदलली तर प्रोग्रामची गतीही बदलते, आणि ती इतकी की ओ-थ्री हा ओ-टूपेक्षा सरस की निरस, हा निकालच त्यामुळे फिरू शकतो. स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव आणि त्यापुढे आडनाव लावण्याची महाराष्ट्राची रीत लक्षात घेता, आपल्याकडील मोजमापांचा या दृष्टीने फेरविचार व्हावयास हवा. त्यानंतर २०१३ साली चार्ली कर्टसिंगर आणि एमरी बर्गर यांनी, एलएलव्हीएम या दुसऱ्या कम्पायलरवर, स्मृतीतील मांडणीचे असे सारे योगायोग विस्कटून टाकून मोजणी केली, तेव्हा ओ-टूच्या वर ओ-थ्रीने जो लाभ होतो तो निव्वळ यादृच्छिक चढउतारांपासून वेगळा काढता येत नाही असे त्यांना आढळले.

हे सर्व मी पुतण्यास वाचून दाखविले. त्याने ते लक्षपूर्वक ऐकले, निष्कर्ष मान्य केला, आणि ओ-थ्री तसाच ठेवला.

प्रथम मला हा हट्ट वाटला. विचारांती मात्र त्याचा पक्ष मला पटला, आणि तो मांडून हा लेख पुरा करतो. जो मनुष्य फ्लॅग लावतो तो गतीसाठी लावीत नाही, तो सुनावणीसाठी लावतो. बोरिवलीपासून अंधेरीपर्यंत आणि घाटकोपरापासून मुलुंडापर्यंत जेवढ्या कचेऱ्या, मंडळे, सोसायट्या आणि खिडक्या आहेत, त्यांतली एक तरी अशी दाखवावी की जेथे सामान्य अर्जदाराची प्रत्येक सूचना शेवटपर्यंत वाचली जाते, मान्य झाल्यास त्याच क्षणी अंमलात येते, आणि अमान्य झाल्यास "साहेब जागेवर नाहीत" असे न सांगता, कितव्या ओळीतील कितव्या अक्षरापाशी आपले चुकले, तेथे काय लिहावयास हवे होते, हे खाली बाणाची खूण करून दाखविले जाते. असा कारकून ज्यास घरबसल्या, विनामूल्य आणि रात्री दोन वाजताही लाभतो, त्याने त्यास चार ताकिदी जास्त दिल्या म्हणून बिघडले काय? ओ-थ्रीने प्रोग्राम जलद होवो वा न होवो, अर्ज दाखल झाला, मंजूर झाला, आणि त्याची बजावणी आपल्या डोळ्यांदेखत झाली, एवढ्या सुखासाठी उपनगरातील मनुष्य यापेक्षा कितीतरी जास्त वेळ कितीतरी वाईट रांगांत उभा राहिलेला आहे. सबब त्याने खुशाल ओ-नाइन मागावा. कचेरी त्याचा मान राखून ओ-थ्री देईल.